चेनच्या पिशवीतलं ब्लँकेट

दुबईत थंडी पडते हे मी आजवर एकाही माणसाला पटवू शकलेलो नाही. गुहागरला माझ्या सख्ख्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "सोम्या, आखातात जाऊन तू थापा मारायला शिकलास." ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण ज्याला हुडहुडी भरते त्याचं कुणाला कळत नाही, विशेषतः पत्ता दुबईचा असेल तर.

दोन हजार दोन सालची गोष्ट. आमचा कॅम्प सोनापूरला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पत्र्याच्या केबिनी, एकेका खोलीत आठ माणसं, वर-खाली खाटा. उन्हाळ्यात त्या पत्र्याचा तवा व्हायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर पेपरात लिहूनही येतं. पण डिसेंबर-जानेवारीत वाळवंटातून वारा सुटला की तोच पत्रा बर्फाच्या लादीसारखा गार पडायचा, आणि भिंतीला पाठ लागली की माणूस झोपेतून उठून बसायचा. यावर कुणी काही लिहीत नाही. उन्हाळ्यात नळाला कढत पाणी यायचं आणि थंडीत हाडं गोठवणारं. पहाटे साइटची बस गाठायची म्हणून आम्ही त्याच पाण्याने अंघोळी करत होतो.

कॅम्पला सरकारी वीज नव्हती, डिझेलचा जनरेटर होता. उन्हाळ्यात एसीसाठी तो अखंड चाले. नोव्हेंबर उजाडला की कंपनीचा हुकूम यायचा, आता एसी लागत नाहीत, जेवणं झाली की जनरेटर बंद. त्याही पुढची अक्कल म्हणजे खिडकीतले एसी काढून सर्व्हिसिंगसाठी अल क्वोजच्या वर्कशॉपला पाठवायचे. एसी गेले की भिंतीत उरायची चौकोनी भोकं. हातभर रुंद, आरपार. आमच्या खोलीतलं भोक नेमकं केरूनानांच्या उशाशी होतं.

केरूनाना सांगोल्याकडचे. टाइल्सचे गवंडी, वय पन्नाशीचं, अंगाने काटक. पण वर्षानुवर्षं सिमेंटची धूळ खाऊन छातीत कायम शिट्टी वाजायची. मी शटरिंगचा सुतार. आम्ही दोघं दुबई मरीनातल्या एकाच टॉवरच्या बांधकामावर होतो. मी कोकणी, ते घाटावरचे, आमचं एका बाबतीत एकमत व्हायचं नाही. त्यांना माझी मच्छी चालत नसे आणि मला त्यांचा ठेचा झेपत नसे. तरी त्या खोलीत मला माझं म्हणावं असं माणूस तेच होतं.

नानांच्या खाटेखाली एक ब्लँकेट होतं. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला हे ब्लँकेट काय ते सांगायला नको. जाड, दुहेरी, मांजरीच्या अंगासारखं मऊ, वर दोन मोठे गुलाब, आणि चेन लावलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत बसवलेलं. आमच्यातला जो तो गावी जाताना एक घेऊन जातोच. ते पांघरायचं नसतं, दाखवायचं असतं. गावाकडे कपाटावर ते पिशवीतच ठेवतात आणि पाहुणे आले की पिशवीवरची धूळ पुसतात. नानांनी दिवाळीच्या आधी नव्वद दिरहमला घेतलं, "म्हंजी आपलं हजाराच्या वर रुपयं की रं सोमा," असं म्हणत. ते त्यांच्या मुलीच्या, रंजिताच्या रुखवतात मांडायचं होतं. लग्न एप्रिलात ठरलं होतं आणि नवऱ्या मुलाच्या आईने बैठकीतच सांगितलं होतं, सोनं थोडं कमी असलं तरी चालेल, पण दुबईचं ब्लँकेट पाहिजे, आणि कोरं पाहिजे. त्यांच्या भावकीत कुणा मुलीच्या बापाने वापरलेलं आणलं होतं म्हणे. पिशवी उघडल्याबरोबर घामाचा आणि कांद्याचा वास आला आणि चार लोकांत नाक कापलं गेलं.

दिवाळीनंतर आमचा पगार अडकला. त्यामुळे पांघरायला दुसरं घ्यायची कुणाची ऐपत राहिली नाही. कंपनीने दिलेली घोंगडी इतकी विरली होती की तिच्यातून पलीकडचं दिसे. नानांनी शेवटी एक युक्ती केली. सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा आतला जाड कागद झटकून झटकून साफ केला, कापला आणि एकेका शर्टाच्या आत सुई-दोऱ्याने टाचला. चालताना खसखस आवाज यायचा. पोरं हसायची, "नाना, कोरे कपडे वाजतायत, बोहल्यावर चढताय काय?" नाना म्हणायचे, "हसा लेकांनो. वारं आत येत न्हाई."

मी सुतार असून हात बांधून बसलो नव्हतो. साइटवरचा प्लायचा तुकडा आणून मी ते भोक ठोकून बंद केलं. दोन दिवसांनी कॅम्प तपासणीत प्लायवर कंपनीचा शिक्का दिसला. माल चोरला म्हणून मला तंबी मिळाली आणि प्लाय उचकटून नेला. मग आम्ही पुठ्ठा आणि पोती कोंबली, तर आगीचा धोका म्हणून तीही ओढून काढली. नियम म्हणजे नियम. माणूस गारठून मेला तर ते नियमात बसतं, पुठ्ठा बसत नाही.

मग आम्ही साहेबांकडे गेलो. साहेब आपलेच, मुरलीधर साहेब, पुण्याचे. कॅम्पची सगळी व्यवस्था त्यांच्या हाताखाली. मराठी साहेब मिळाला म्हणून आम्ही आधी केवढे खूश झालो होतो!

"साहेब, रात्रभर नको, पण पहाटेपर्यंत तरी जनरेटर चालू ठेवा," मी म्हणालो. "आम्ही कुणाचा तरी जुना हीटर उसना आणू. नानांची छाती बरी नाही."

"अरे सोमनाथ, थंडी? दुबईत?" साहेब हसले. खरंच हसले, वाईट मनाने नाही, हेच मला जास्त झोंबलं. "धिस इज द बेस्ट सीझन यार. आम्ही बाल्कनीत ब्रेकफास्ट करतो. उन्हाळ्यात तुम्ही बोंब मारता गरम होतं, आता म्हणता थंड होतं. डिझेलचं बजेट हेड ऑफिस ठरवतं. तरी मी मेल टाकतो. नेक्स्ट वीक, इन्शाल्ला."

इन्शाल्ला हा शब्द साहेब लोकांनी फार लवकर उचलला. तो देवावर सोडून द्यायचा शब्द. यांनी तो आमच्यावर सोडला.

जनरेटरवर हमदुल्ला नावाचा पेशावरकडचा पठाण होता. थंडी काय असते ते त्या माणसाला आईच्या पोटातून ठाऊक होतं. तो संध्याकाळी जनरेटरच्या सायलेन्सरला चिकटवून विटा मांडून ठेवायचा. जनरेटर बंद करायची वेळ झाली की तापलेली एक वीट पोत्यात गुंडाळून आमच्या खोलीत आणायचा.

"केरू भाई, छाती के पास रखो. सुबह तक अल्लाह मालिक."

ती वीट पोटाशी धरून नाना झोपायचे. पहाटे ती गार पडलेली असे, पण तोवर डोळा लागलेला असे. नाना पठाणाला ठेचा द्यायचे आणि तो डोळ्यातून पाणी काढत खायचा. आठ-दहा दिवस बरे गेले.

आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी मराठी मंडळाची माणसं कॅम्पवर आली. श्रमिकांची सेवा. पुढे मुरलीधर साहेब, सोबत त्यांच्या पत्नी लतिकाताई, मंडळाच्या सेक्रेटरी, आणि आठ-दहा कुटुंबं. त्यांनी खोकी उतरवली. मला वाटलं, साहेबांनी घरी जाऊन सांगितलं असेल, माणसाच्या काळजाला कधीतरी पाझर फुटतोच. खोकी उघडली. आत उन्हाच्या पांढऱ्या टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या.

"तुम्ही लोक उन्हात किती काम करता!" लतिकाताई म्हणाल्या. "समरमध्ये यायचं होतं, पण मुलांना उन्हाचा त्रास होतो ना. म्हटलं, वेदर छान झालं की जाऊ."

नाना सदऱ्यात कागद घालून उभे होते. नमस्काराला वाकले तशी खसखस झाली. लतिकाताईंची रिद्धी, बारा-तेरा वर्षांची असेल, तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मम्मा, व्हाय इज ही शिव्हरिंग?"

"दमले असतील बेटा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी नानांच्या डोक्यावर टोपी चढवली. फोटो निघाला.

जाता जाता साहेबांची नजर जनरेटरपाशी मांडलेल्या विटांवर गेली. हे काय, म्हणून विचारलं. हमदुल्लाने खरं ते सांगितलं. पठाणाला दुसरं येतंच कुठे. रविवारी त्याची बदली झाली. सायलेन्सरजवळ अडथळा, सेफ्टी. त्याच्या जागी आलेला माणूस चांगला होता, पण भित्रा होता. विटा बंद झाल्या.

नाना दर शुक्रवारी घरी फोन करायचे, कॅम्पबाहेरच्या बूथवरून. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या मागे रांगेत मी होतो. दात वाजत होते म्हणून ते जबडा एका हाताने धरून बोलत होते.

"हितं? हितं लई गरम हाय! घामानं नुसता निथळतुया!"

त्यांनी फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "नाना, कशाला खोटं बोलता वहिनींशी?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. गेल्या हिवाळ्यात त्यांनी बायकोला, ठकुबाईंना, खरं सांगितलं होतं, हीव लई वाजतंय म्हणून. ठकुबाई काळजीने चार जणींजवळ बोलल्या. गावभर झालं, केरूला दुबईत हीव भरलं! पोरंटोरं नक्कल करायची. पुढे रंजिताची सोयरीक निघाली तेव्हा मुलाकडच्यांनी मध्यस्थाला विचारलं, हा माणूस नक्की दुबईत आहे ना? का दिल्लीकडे कुठे मातीकामाला आहे आणि दुबई सांगतो? दुबईत कुठली आलीय थंडी?

"मोडत हुतं लग्न," नाना म्हणाले. "तवापासनं म्या बारा म्हयने गरमच सांगतुया. आन् ती बी सारखी सांगतीया, पिशवीची चेन उघडू नगा, ईहीण वास घेऊन बघनार हाय."

मला राग आला. साहेबाचा आला, नानांचा आला आणि कधी न पाहिलेल्या त्या ठकुबाईचा सर्वांत जास्त आला. इथे माणूस कागद पांघरून झोपतो आणि हिला चेनची पडलीय, असंच मी धरून बसलो.

आमच्या टॉवरवर तेव्हा स्विमिंग पूलचं हँडओव्हर, म्हणजे मालकाच्या ताब्यात देणं, चाललं होतं. निळ्या टाइल्स सगळ्या नानांच्या हातच्या. हिवाळ्यात तिथल्या लोकांना गार पाण्यात पोहावं लागू नये म्हणून पाणी तापवायची यंत्रणा होती. ती नीट चालते का बघायला म्हणून पूल भरला आणि आठवडाभर दिवसरात्र हीटर चालू ठेवला. कुणी पोहणारं नव्हतं. टॉवरमध्ये अजून माणूस राहायला यायचा होता. पाणी आपलं कोमट होऊन एकटंच पडलं होतं.

एक टाइल सुटली म्हणून नानांना तिथे बोलावलं. काम झाल्यावर ते काठावर बसले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. मी वरून हाक मारली तर त्यांनी हातानेच ये म्हणून खुणावलं. मी खाली उतरलो. त्यांचा चेहरा असा निवांत झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"सोमा, पान्याला हीव वाजू नये म्हनून बग किती डिझेल जाळत्यात," ते म्हणाले. "आपुन पानी असतो तर बरं झालं असतं."

तेवढ्यात सेफ्टीवाला ओरडत आला. "यल्ला, यल्ला! बाहर निकलो! कन्सल्टंट आ रहा है!" नाना गडबडीने उठायला गेले आणि पाय घसरून छातीपर्यंत पाण्यात गेले. आम्ही ओढून काढलं. बदलायला कपडे नव्हते. संध्याकाळी बिनकाचांच्या बसमधून ओल्या कपड्यांनी सोनापूरला आले. सदऱ्यातल्या कागदाचा लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ताप होता, तरी कामावर आले. खाडा पडला की पगार कापतात आणि सुट्टी पुढे ढकलतात, आणि सुट्टी ढकलली की लग्न चुकतं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना उठवायला गेलो तर अंग भट्टीसारखं तापलेलं आणि तरी सगळी खाट थडथडत होती. वरच्या भोकातून वारा येत होता. माझी घोंगडी घातली, आणखी दोघांनी आपापल्या घातल्या. थरथर काही थांबेना.

मी खाली वाकून ती पिशवी ओढली.

नाना त्या तापात उठून बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेन धरली. "सोमा, न्हाई."

"नाना, एक दिवस. नंतर लाँड्रीत धुवून आणतो, मी स्वतः पिशवीत भरतो. कुणाला कळणार नाही."

"धुतल्यावर लव बसती. ईहिनीला कळतं."

"मरायला टेकलात आणि—"

"चेनला हात लावायचा तर माझ्या मढ्याला लाव." मग त्यांचा आवाज पडला. "पोरीचं मोडंल रं."

मी भांडलो. शिव्या दिल्या, त्यांना, त्यांच्या विहिणीला, सगळ्या तालुक्याला. ते चेन सोडेनात. शेवटी मी ते ब्लँकेट पिशवीसकट त्यांच्या छातीवर ठेवलं. त्याला ते नाही म्हणाले नाहीत. दोन्ही हातांनी त्याला कवटाळून पडले. गार, निसरडं प्लॅस्टिक, आत दोन गुलाब, आणि बाहेर माझा केरूनाना कुडकुडत पडलेला.

हॉस्पिटलला न्यायला कंपनीची गाडी हवी, आणि गाडीला साहेबांची सही. सही दुपारी झाली. न्यूमोनिया म्हणाले. दाखल केल्यापासून तिसऱ्या दिवशी नाना गेले. मुरलीधर साहेब कॅम्पवर आले, दोन मिनिटं शांत उभे राहिले आणि म्हणाले, "व्हेरी सॅड. वेदर चेंज झालं की होतं असं." पुढच्या आठवड्यात अल क्वोजहून एसी आले आणि भोकं बुजली. वरातीमागून घोडं.

शवपेटीबरोबर नानांच्या कपड्यांची बॅग गेली. ब्लँकेट मी कुणाच्या हाती दिलं नाही. एप्रिलात माझी सुट्टी होती. वर्षाच्या आत शुभकार्य उरकायचं म्हणून लग्नाची तारीख तीच ठेवली होती. गुहागरला घरी न जाता आधी सांगोल्याकडे गेलो. खरं सांगतो, पिशवी पोचवण्यापेक्षा ठकुबाईला तोंडावर चार शब्द सुनवायचे होते.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मांडवात रुखवत मांडलं होतं, लाडू, चिवडा, स्टीलचा डबा, मधोमध मी आणलेलं ब्लँकेट. विहीणबाईंनी पिशवी उचलून चारी बाजूंनी न्याहाळली, चेनपाशी नाक नेलं. "कोरं हाय," त्या म्हणाल्या. आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. दुबईचं आहे, दिसतंच.

ठकुबाई मला चुलीमागच्या खोलीत घेऊन गेल्या. लहानखुऱ्या, कपाळ मोकळं.

"भावजी, तुमी जवळ हुता. कशानं गेलं वं? सायेब फोनवर काय बोलला त्ये कळलं न्हाई. लोकं म्हनत्यात ऊन लागलं."

"थंडीनं गेले," मी म्हणालो. तयारीच करून आलो होतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "मला येडी समजू नका. दुबईत कुठली थंडी? दारूबिरू पीत हुते का? खरं सांगा, म्या कुनाला बोलनार न्हाई."

त्या माणसाने आयुष्यात बिअरसुद्धा प्यायली नव्हती. मी काही बोलणार तोच त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं.

"बॅगंतनं सदरं आलं त्यांचं," त्या हळू बोलल्या. "आतनं समद्यांना सिमिटाचा कागद टाचलेला. आमाला वाटलं कामाचं काय असंल. त्ये कशाला हुतं?"

"वारं आत येऊ नये म्हणून."

त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "आन् त्ये ब्लँकेट जवळच हुतं?"

"हो."

"म्याच सांगत हुते. दर फोनला. चेन उघडू नगा म्हनून." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला नाही, रडल्या नाहीत. "त्ये म्हनायचं, लई गरम हाय."

मी आणलेले चार शब्द तिथेच जिरले. माझा राग कुणावर ठेवायचा तेच मला कळेना.

ठकुबाई उठल्या, मांडवात गेल्या. मी मागे गेलो. सगळ्या बायकांसमोर त्यांनी ती पिशवी उचलली आणि चेन सर्रकन उघडली. ब्लँकेट बाहेर ओढलं, झटकलं, अंगावर घेतलं आणि डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून मांडवाबाहेर उन्हात जाऊन बसल्या. चेहऱ्यावरून घाम वाहायला लागला. रंजिता हळदीच्या अंगाने धावत आली, "आये, आये, काय करतीस?" त्या हलल्या नाहीत.

"वापारल्यालं हाय आता," त्या विहीणबाईंना म्हणाल्या. "चालत नसंल तर ऱ्हाऊ द्या हितंच."

विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, जवळ आल्या, त्यांच्या खांद्यावरून ब्लँकेट अलगद काढून घेतलं. मला वाटलं, भिरकावतील.

"असू दे," त्या म्हणाल्या. "आपल्या माणसानंच घेतलंय अंगावर, घटकाभर. कुनाला कळतंय?"

त्यांनी लव नीट एका बाजूला फिरवली, गुलाब वर येतील अशी घडी घातली, पिशवीत भरलं आणि चेन शेवटपर्यंत ओढली. संध्याकाळी ते नवरीबरोबर जीपमध्ये गेलं.